किती अटेम्प्ट झाले?

“काका, किती अटेम्प्ट झाले?”

विचारणारी मुलगी ११ वर्षांची. डोक्यावर लाल हेल्मेट, गुडघ्याला आणि कोपराला पॅड, मनगटांना गार्ड, तोंडात चिक्कीचा तुकडा. मी नुकताच सिमेंटवर आपटलो होतो आणि बसल्या जागी कोपर चोळत होतो. माझा स्केटबोर्ड पायाखालून सुटून रिंकच्या दुसऱ्या टोकाला कठड्यावर जाऊन धडकला होता. तिने तो आणून दिला आणि हा प्रश्न विचारला.

मी गप्प झालो. तिला वाटलं असेल, काकांना जरा जास्तच लागलंय.

स्पर्धा परीक्षेसाठी पुण्यात सहा-सात वर्षं काढलेल्या माणसाला हा प्रश्न विचारायचा नसतो. मला तो लग्नात विचारलाय, मयताच्या घरी विचारलाय, एसटी स्टँडवर आणि कटिंगच्या दुकानात गळ्याभोवती कापड बांधलेलं असताना विचारलाय. समोरचा आकडा ऐकतो, मनातल्या मनात माझं वय काढतो आणि म्हणतो, “होईल, होईल.” त्या दुसऱ्या ‘होईल’चा आवाज पहिल्यापेक्षा नेहमी थोडा खाली असतो.

या पोरीला मात्र खरोखर फक्त आकडा हवा होता.

“आजचे की एकूण?” मी विचारलं.

“आजचे.”

“३८.”

“मग अजून १२ करा. ५० झाले की पाणी प्यायचं.”

एवढं बोलून ती निघून गेली. मी उठलो आणि अजून १२ केले. एकही जमला नाही. मग पाणी प्यायलो.

*

मी मूळचा बार्शीचा. २०१४ च्या जूनमध्ये बीएस्सी करून राज्यसेवेच्या तयारीला पुण्यात आलो. पुढचं सगळं तुमच्यापैकी अनेकांना पाठ असेल. तिघांत एक खोली, मेसचा डबा, अभ्यासिकेतली साडेतीन फुटांची जागा, टेबलावर चिकटवलेलं वेळापत्रक. पहिल्या अटेम्प्टला पूर्व परीक्षेतच गेलो. दुसऱ्याला पूर्व निघाली, मुख्य राहिली. तिसऱ्याला पुन्हा तेच. चौथ्याला परत पूर्व परीक्षेतच गेलो. त्या दिवशी निकाल पाहून मी अभ्यासिकेतली पुस्तकं दोन पोत्यांत भरली, खाली रद्दीवाल्याकडे गेलो आणि किलोचा भाव विचारला. पोती परत वर आणली, कारण भाव फार कमी होता.

त्यानंतर मी फॉर्म भरला नाही. एका बॅक ऑफिसात नोकरी धरली. विम्याचे कागद तपासायचं काम, पगार वेळेवर. यात लाज वाटण्यासारखं काही नाही, हे मला आता कळतं. तेव्हा कळत नव्हतं, म्हणून घरी सांगितलं की नोकरी करत करत अभ्यास चालू आहे.

अण्णा, म्हणजे माझे वडील, एसटीत कंडक्टर होते. आता निवृत्त आहेत. दर रविवारी फोन असायचा. “फॉर्म भरला का?” “भरला.” “पेपर कसा गेला?” “बरा गेला.” आणि दोन-तीन महिन्यांनी, “राहिलं थोडक्यात.” असे दोन अटेम्प्ट मी फोनवरच दिले. परीक्षेच्या दिवशी मी खोलीत झोपून होतो. म्हणजे खरे अटेम्प्ट चार, घरच्या हिशोबात सहा. म्हणून तो प्रश्न कानावर पडला की आधी मला आठवावं लागायचं, समोरचा माणूस कुठल्या हिशोबातला आहे.

*

स्केटबोर्ड मी विकत घेतला नव्हता. आमच्या खोलीतला एक मुलगा २०२२ मध्ये नोकरीसाठी बंगळुरूला गेला आणि जाताना कॉटखाली तो ठेवून गेला. “येईन न्यायला,” म्हणाला. अजून आलेला नाही.

काही महिने त्यावर आमची पाण्याची कॅन असायची. एका रविवारी कॅन रिकामी होती. मी बोर्ड उचलून खाली पार्किंगमध्ये नेला आणि त्यावर उभा राहिलो. बोर्ड पुढे गेला, मी मागे गेलो. वॉचमन काका खुर्चीतून उठले सुद्धा नाहीत. म्हणाले, “लहानपणी करायच्या गोष्टी लहानपणीच कराव्या.”

तरी दुसऱ्या दिवशी परत गेलो. का गेलो, हे मला नीट सांगता येत नाही. एवढं आठवतं की ते पडण्याआधीचे दोन सेकंद माझ्या डोक्यात काहीही नव्हतं. पगार, वय, रविवारचा फोन, काहीही नाही. सात वर्षांत असे दोन सेकंद आले नव्हते.

बोर्ड जुना होता. चाकं कुरकुरायची. एका व्हिडिओत कळलं की स्केटबोर्डच्या चाकात ६०८ नंबरचं बेअरिंग असतं, आतला व्यास ८ मिलिमीटर, बाहेरचा २२, जाडी ७. हे साधं औद्योगिक माप आहे, त्यामुळे ते हार्डवेअरच्या गल्लीत मिळतं. दुकानदाराने विचारलं, “कुठल्या मशीनला?” मी म्हणालो, “मलाच.” चार चाकांना प्रत्येकी दोन, अशी आठ बेअरिंग घेतली. ती बसवल्यावर बोर्ड असा पळाला की त्या दिवशी मी तीनदा पडलो.

*

पार्किंगमध्ये गाड्या वाढल्या, तेव्हा एकाने सांगितलं की जवळच एक स्केटिंग रिंक आहे. संध्याकाळी तिथे चार चाकी बूट घालून मुलांचे क्लास चालतात, पण सकाळी साडेसहाला रिकामी असते. तिथे गेलो तर रिकामी नव्हती. पाच-सहा पोरं स्केटबोर्ड घेऊन हजर होती. सगळ्यांत मोठा दहावीतला. लाल हेल्मेटवाली सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत चांगली.

पहिल्या दिवशी मी सगळ्यांचा दादा होतो. दुसऱ्या आठवड्यात दाढी वाढलेली होती, तर काका झालो, तो कायमचा.

त्यांनी मला आधी पडायला शिकवलं. हे मला विचित्र वाटलं होतं, पण आता कोणी नवीन आला की मीही तिथूनच सुरू करतो. पडताना हात ताठ करून जमिनीवर टेकायचा नाही. आपली पहिली ओढ तीच असते, आणि सगळं वजन मनगटावर येतं. हात दुमडायचे, अंग गोळा करायचं, खांद्याच्या अंगाने लोळण घ्यायची. पोरांनी गवतावर नेऊन माझ्याकडून वीस-वीस लोळणी करून घेतल्या. “गार्ड घ्या काका,” असं रोज सांगायचे. मी घेतले नाहीत. ३० वर्षांच्या माणसाने गुडघ्याला आणि मनगटाला ती प्लास्टिकची चिलखतं बांधून रस्त्याने चालायचं, हे मला जमेना. या मूर्खपणाची किंमत पुढे येते.

मग कोणता पाय पुढे, ते ठरवायचं. डावा पाय पुढे असेल तर त्याला रेग्युलर म्हणतात, उजवा पुढे असेल तर गूफी. एका पोराने मला मागून हलकेच ढकललं आणि तोल सावरायला मी जो पाय आधी पुढे टाकला, तो बघून सगळे ओरडले, “गूफी!” मग पुश करणं, वळणं, शेपटीवर भार देऊन पुढची चाकं उचलून दिशा बदलणं. यात दोन-अडीच महिने गेले. बाहेरून पाहणाऱ्याला वाटेल, हा माणूस नुसता इकडून तिकडे जातोय. तसंच होतं ते.

*

मग ऑली.

ऑली म्हणजे हात न लावता बोर्डसकट उडी मारणं. बोर्ड पायाला बांधलेला नसतो, तरी पायाबरोबर वर येतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला ती हातचलाखीच वाटली होती. करायचं असं: मागचा पाय बोर्डच्या शेपटीवर, पुढचा साधारण मधोमध. गुडघे वाकवून उडी घ्यायची आणि अंग वर निघतं आहे तेवढ्यात मागच्या घोट्याने शेपटी जमिनीवर ठोकायची. टक् असा कोरडा आवाज येतो. शेपटी आपटली की बोर्डचं नाक वर उठतं. त्याच वेळी पुढचा पाय घोट्यात वळवून बुटाची बाहेरची कड बोर्डवर घासत नाकाकडे न्यायची. बोर्डवर पॉलिश पेपरसारखी खरखरीत ग्रिप टेप चिकटवलेली असते. तिच्यावर बूट घासला की बोर्ड वर ओढला जातो आणि हवेत सपाट होतो. मागचा गुडघा छातीकडे घ्यायचा, नाहीतर शेपटीला वर यायला जागा राहत नाही. मग चारही चाकं एकदम खाली. सगळं मिळून एक सेकंदसुद्धा लागत नाही.

ही उडी १९७० च्या दशकाच्या शेवटी फ्लोरिडात ॲलन गेल्फंड नावाच्या मुलाने काढली. त्याचं टोपणनाव ऑली, तेच उडीला मिळालं. पण तो ती वाडग्यासारख्या खोलगट पार्कच्या भिंतीवर मारायचा, जिथे उतारच तुम्हाला वर फेकतो. सपाट जमिनीवर, कुठल्याही उताराच्या मदतीशिवाय ती मारून दाखवली रॉडनी मलनने, १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला. हे कळल्यावर मला बरं वाटलं. आमच्या रिंकमध्ये ना रॅम्प, ना खड्डा. नुसता सपाट सिमेंटचा आयत. मलनची उडी आमच्यासारख्यांसाठीच होती म्हणायची. उडी मारता मारता बोर्ड हवेत त्याच्या लांबीच्या अक्षाभोवती पूर्ण एकदा फिरवायचा, ती किकफ्लिपही त्याचीच. सुरुवातीला तिला मॅजिक फ्लिप म्हणायचे.

माझ्याकडे कोऱ्या पानांच्या बऱ्याच वह्या उरल्या होत्या. एका वहीवर ‘भूगोल’ लिहिलेलं होतं. ते खोडलं नाही. आत रकाने पाडले: तारीख, अटेम्प्ट, जमले, काय चुकलं. सात वर्षांची सवय दुसरीकडे कुठे उपयोगी पडणार होती?

पहिली १०० पानावर पाडलेल्या रेघाच आहेत, पाच-पाचच्या जुडग्यांत. ‘जमले’च्या रकान्यात शून्यच शून्य. पण ‘काय चुकलं’चा रकाना हळूहळू बदलत गेला. सुरुवातीला तिथे ‘पडलो’ एवढंच आहे. मग ‘उडी आधी, टक् नंतर’. मग ‘पुढचा पाय घासलाच नाही’. मग सलग तीन पानं एकच वाक्य: ‘मागचा पाय जमिनीवर.’

हे शेवटचं समजावून सांगायला हवं. नवीन माणूस ऑली मारतो तेव्हा पुढचा पाय बोर्डवर उतरतो आणि मागचा शेजारी जमिनीवर. दर वेळी. तुम्हाला वाटतं, तंत्र चुकतंय. तंत्र फारसं चुकत नसतं. शरीराने आधीच ठरवलेलं असतं की हे जमणार नाही, तेव्हा एक पाय सुरक्षित जागी ठेवलेला बरा. लाल हेल्मेटवालीने माझे चार-पाच अटेम्प्ट पाहिले आणि म्हणाली, “काका, तुम्ही उडी मारायच्या आधीच उतरताय.”

त्या वाक्यावर मी रात्री बराच वेळ जागा होतो. स्केटबोर्डचा विचार त्यात थोडाच होता.

मी आणखी काही गोष्टी वहीतून शिकलो, त्या सांगून ठेवतो. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. पाय कुठे ठेवायचा हे बदललं असेल, तर त्या दिवशी वेग बदलायचा नाही, नाहीतर कशामुळे काय झालं ते कळत नाही. ५० च्या पुढे गेलं की पाय थकतात, आणि थकलेल्या पायांनी चुकीची सवय फार लवकर लागते. मोबाईल भिंतीला टेकवून स्लो मोशनमध्ये व्हिडिओ काढायचा, कारण आपण काय करतोय असं आपल्याला वाटतं आणि प्रत्यक्षात काय करतोय, यात खूप अंतर असतं. आणि एखाद्या दिवशी कालच्यापेक्षा वाईट झालं, तर ते लिहून घरी जायचं. माझ्या वहीत असे दिवस जवळपास निम्मे आहेत.

४१७ व्या अटेम्प्टला, जागच्या जागी, दोन्ही पाय बोर्डवर उतरले. उंची म्हणाल तर खाली आडवी चप्पल मावेल इतकी. पोरांनी टाळ्या नाही वाजवल्या. त्यांनी आपापले बोर्ड जमिनीवर आपटले. स्केटबोर्डवाल्यांची दाद द्यायची पद्धत तीच. कोणीतरी खरंच चप्पल आणून ठेवली आणि त्या दिवसापासून माझी उंची चपलेत मोजायला लागले. एक चप्पल आडवी. मग दोन, एकावर एक.

माझा उजवा बूट मात्र ऑलीने खाल्ला. बाहेरच्या बाजूला करंगळीजवळ भोक पडलं. कोपऱ्यावरच्या चांभारकाकांकडे नेला. त्यांनी दोन्ही बूट शेजारी ठेवून निरखले. “डावा नवाकोरा आणि उजवा असा? तुम्ही एकाच पायाने चालता का?” त्यांनी आतून रेक्झिनचं ठिगळ लावून दिलं. ते ठिगळ पाच आठवडे टिकलं.

*

त्या काळात मी रात्री जेवताना स्केटबोर्डिंगचे जुने सामने बघायचो. टोकियो ऑलिंपिकमध्ये, म्हणजे २०२१ साली, हा खेळ पहिल्यांदा आला. मुलींच्या स्ट्रीट प्रकारात जपानच्या मोमिजी निशियाला सुवर्ण आणि ब्राझीलच्या रायसा लिआलला रौप्य. दोघीही १३ वर्षांच्या. म्हणजे आमच्या लाल हेल्मेटवालीपेक्षा दोनच वर्षांनी मोठ्या.

माझं लक्ष मात्र गुण देण्याच्या पद्धतीकडे गेलं. तिथे प्रत्येकीला ४५ सेकंदांच्या दोन फेऱ्या आणि सुट्या ट्रिकचे पाच प्रयत्न होते. एकूण सात गुण. त्यातले सर्वांत चांगले चार धरायचे, बाकीचे तीन सोडून द्यायचे. ट्रिकमध्ये पडलात तर त्या प्रयत्नाला शून्य, आणि ते शून्य सोडून दिलेल्या तिनांत गेलं की संपलं. मी ताट बाजूला ठेवून हे परत पाहिलं. मी जिथून आलो होतो, तिथे चुकीच्या उत्तराला आधी मिळवलेले गुण कापले जातात. मोठ्या परीक्षेत ते तसंच असावं लागत असेल, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण सात वर्षांत ती पद्धत माझ्या अंगात भिनली होती. खात्री नसेल तर उत्तर सोडून द्यायचं. गोल रंगवायचा नाही. मी माणसांशी, नोकरीशी, घराशीही तसाच वागायला लागलो होतो.

टोनी हॉकचा १९९९ च्या एक्स गेम्समधला व्हिडिओ तर मी किती वेळा पाहिला असेन. त्याला हवेत अडीच वेळा फिरून उतरायचं होतं, म्हणजे ९०० अंश. तो पडतो, पुन्हा वर चढतो, पुन्हा पडतो. स्पर्धेची वेळ संपते. तो थांबत नाही, आणि त्याला कोणी थांबवतही नाही. बाकीचे स्पर्धक कडेला उभे राहून बोर्ड आपटत असतात. दहापेक्षा जास्त वेळा पडल्यावर तो उतरतो. तेव्हा तो ३१ वर्षांचा होता. मीही त्या वर्षी ३१ चा झालो.

*

२०२३ च्या ऑक्टोबरमध्ये, चालत्या बोर्डवर ऑली शिकताना, मी हात ताठ करून पडलो. गवतावरच्या सगळ्या लोळणी ऐन वेळी विसरलो. मनगटाजवळचं हाड मोडलं. डॉक्टरांनी एक्स-रे बघता बघता विचारलं, “हात टेकून पडलात ना?” सहा आठवड्यांचं प्लास्टर. लाल हेल्मेटवालीने प्लास्टरवर मार्करने एक गार्ड काढून दिला, सगळ्या पट्ट्यांसकट.

दोन आठवड्यांवर दिवाळी. घरी जाणं भाग होतं.

आईला वाटलं, गाडीवरून पडलो. मी हो म्हणणार होतो. तोंडापर्यंत आलं होतं. पण फोनवर खोटं बोलणं वेगळं आणि ओसरीत, आईने उटणं कालवायला घेतलेलं असताना, समोर बसून बोलणं वेगळं. मी स्केटबोर्ड सांगितला. मग स्केटबोर्डला वेळ कुठून मिळतो, ते विचारलं गेलं. मग फॉर्म सांगितला. एका माळेतले मणी निघावेत तसं सगळं बाहेर आलं. चार खरे, दोन खोटे.

अण्णा काही बोलले नाहीत. आई म्हणाली, “दोन्ही पेपरांच्या दिवशी मी उपास धरला होता.”

एवढंच. ती रागावलेली नव्हती. नुसती आठवण सांगावी तसं म्हणाली आणि उटण्यात तेल घालायला लागली. मनगट मोडलं तेव्हा मला इतकं दुखलं नव्हतं.

दोन दिवस अण्णा माझ्याशी कामापुरतं बोलले. भाऊबीजेच्या सकाळी चहा घेताना म्हणाले, “नापास झालास त्याचं काही नाही. सगळे कलेक्टर झाले तर गाडीत तिकीट कोणी फाडायचं? पण पेपर बरा गेला म्हणालास, ते मी चार माणसांत सांगत हिंडलो.”

मी मान खाली घालून बसलो होतो. थोड्या वेळाने म्हणाले, “पडलास कसा, दाखव.”

माझ्या मोबाईलमध्ये पडल्याचा व्हिडिओ होता. त्यांनी चष्मा लावून तीनदा पाहिला. मग म्हणाले, “गुडघे ताठ होते तुझे. पडणारच.”

ते उठून ओसरीच्या मधोमध उभे राहिले. पाय खांद्याएवढे फाकवलेले, एक किंचित पुढे, गुडघे सैल. डाव्या हातात नसलेली तिकिटांची पेटी, उजव्या हातात नसलेला चिमटा. “बालाघाटाच्या वळणावर गाडी अशी जाते,” म्हणाले आणि कमरेतून एका अंगाला गेले, “मग अशी.” दुसऱ्या अंगाला. खांदे जागच्या जागी. “दोन्ही हात कामात. दांडी धरायची कशाने? सगळं गुडघ्यावर. गुडघा ताठ केला की माणूस गेला.”

मी लहान असताना त्यांच्या गाडीतून कितीदा गेलो होतो. त्यांना भरल्या गाडीत, काहीही न धरता, मागून पुढे चालत येताना पाहिलं होतं. ते काहीतरी करतायत, असं कधी वाटलंच नव्हतं. ३० वर्षं हा माणूस हलत्या फळीवर उभा होता आणि माझ्या वहीत त्याची नोंद नव्हती.

*

डिसेंबरमध्ये प्लास्टर निघालं. हात कोपरापासून खाली काठीसारखा बारीक झाला होता. जानेवारीत मी मनगटाचे गार्ड घेतले, गुडघ्याचे घेतले, हेल्मेट घेतलं. सगळं घालून रस्त्याने चालत गेलो. कोणीही बघितलं नाही.

मोडल्यावर परत उभं राहणं पहिल्यापेक्षा कठीण असतं. पहिल्यांदा पडणं काय असतं ते माहीत नसतं, आता हाडाला माहीत असतं. जागच्या जागी ऑली मारतानाही मागचा पाय परत जमिनीवर यायला लागला. मी वहीत लिहिलं, ‘मागचा पाय जमिनीवर’, आणि एक वर्ष मागची तीच पानं उघडून पाहिली. तेव्हा ते गेलं होतं, म्हणजे आताही जाईल, असा हिशोब केला. दहावीतला पोरगा आता अकरावीत गेला होता. त्याने सांगितलं, “वेग कमी करू नका, वाढवा. हळू असलं की चाक खड्यात अडकतं.” हेही खरं निघालं. एवढासा खडा पुरतो चाक अडवायला. रिंकवर गेल्या गेल्या आम्ही आधी झाडू मारतो.

मध्ये एकदा लाल हेल्मेटवालीने जनवारचे व्हिडिओ दाखवले. मध्य प्रदेशात, पन्ना जिल्ह्यात, या छोट्या गावात २०१५ साली उलरिके राइनहार्ट या जर्मन बाईंनी स्केटपार्क उभा केला. तिथले दोन नियम तिला तोंडपाठ होते: शाळेत गेला नाहीत तर स्केटबोर्ड नाही, आणि बोर्डवर पहिला हक्क मुलींचा. तिथली आशा गोंड २०१८ मध्ये चीनमधल्या नानजिंगला जागतिक स्पर्धेत उतरली होती. दुसरा नियम आमच्या रिंकवर ताबडतोब लागू झाला. पहिला नियम मला लागू आहे का, असं एकाने विचारलं. त्यावर बराच वेळ चर्चा झाली.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी, चांगल्या वेगात येऊन, मी आडव्या ठेवलेल्या चपलेवरून बोर्ड पलीकडे नेला आणि दोन्ही पायांनी उतरून पुढे गेलो. कठड्यापर्यंत गेलो. पोरांनी बोर्ड आपटले. वहीत एकूण आकडा होता १,३६२.

व्हिडिओ आईच्या मोबाईलवर पाठवला. दोन निळ्या खुणा आल्या, उत्तर आलं नाही. रविवारी फोन झाला. पाऊस, ज्वारी, शेजारच्यांचं बोअर, सगळं बोलून झाल्यावर अण्णा म्हणाले, “पाहिलं ते. गुडघे बरे होते.” मग थोडं थांबून, “किती अटेम्प्ट झाले?”

मी वही उघडून बघून सांगितलं.

“हजारावर?” ते म्हणाले. मागून आईचा आवाज आला, “काय झालं?” त्यांनी तिला आकडा सांगितला. दोघं काहीतरी बोलत राहिले, मला नीट ऐकू आलं नाही. मग अण्णांनी विचारलं, “आता पुढचं काय?”

पुढचं म्हणजे किकफ्लिप. पुढच्या पायाच्या बोटांनी नाकाच्या कडेला टिचकी मारल्यासारखं करायचं, बोर्ड पायाखाली एकदा फिरतो, ग्रिप टेप वर दिसली की पायांनी झेलायचा. माझा बोर्ड फिरतो, पण मी खाली येईपर्यंत तो उलटा पडलेला असतो. मागचा पाय अजूनही शेजारी जमिनीवर.

कालपर्यंतचा आकडा २१४. जमले शून्य.